लग्नाचा अल्बम आणि त्यामागचा हिशेब

लग्नाच्या फोटोग्राफीत उतरणारा तरुण आधी कॅमेरा घेतो, मग लेन्स, जमलं तर ड्रोन. हिशेबाची वही सगळ्यात शेवटी येते. शूटिंगच्या दोन दिवसांत पैसा बुडाला असं फार क्वचित होतं. तो बुडतो पुढच्या चार-सहा महिन्यांत. फोटो निवडून येत नाहीत, अल्बमच्या दुरुस्त्या संपत नाहीत, उरलेली रक्कम अडकते आणि तोवर पुढची लग्नसराई दाराशी येते. म्हणून अल्बम हा या धंद्याचा कणा मानायला हवा. तो वेळेत आणि नेटका बाहेर पडत असेल, तर बाकीची गणितं बसवता येतात. पुढचं विवेचन महाराष्ट्रातल्या मध्यम शहरातला स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे.

लग्नसराईचं वेळापत्रक

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की थांबतात. मधे पौष आहे, त्यात बऱ्याच घरी कार्य टाळतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तर ऐन उन्हाळ्यातले आठवडेच्या आठवडे कोरे जातात. अधिक महिन्याचं तसंच. 2023 साली अधिक श्रावण होता. तो चातुर्मासातच पडला, त्यामुळे पावसाळ्यातली विश्रांती फक्त एका महिन्याने लांबली. 2026 सालचा अधिक ज्येष्ठ मात्र मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे भर हंगामात येतो. नवीन पंचांग हातात आलं की पहिल्याच आठवड्यात बसून त्यातले मुहूर्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून घ्यावेत. वर्षात किती दिवस कमाईचे आहेत ते तिथेच कळतं.

दाट लग्नतिथीला तीन-तीन पार्ट्या विचारायला येतात आणि मधला आडवारचा मुहूर्त मोकळा राहतो. सवलत द्यायचीच असेल तर आडवारी द्यावी, दाट तिथीला कधीच नाही. त्या तारखेला दुसरी टीम पाठवणार असाल, तर ते ग्राहकाला बोलणीच्या वेळीच सांगावं. ज्याच्या कामावर भुलून ऑर्डर दिली तो माणूस कार्यालयात दिसलाच नाही, की त्या घरातून पुन्हा फोन येत नाही.

मुहूर्तावर न अडणारी लग्नंही भरपूर होतात. बौद्ध पद्धतीचे विवाह बहुधा रविवार किंवा सुट्टी पाहून ठरतात. विशेष विवाह कायद्याखाली होणाऱ्या नोंदणी विवाहाला आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे त्याची तारीख पुरेशी आधी कळते. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात लग्नं टाळतात, पण नाताळनंतरचे दिवस गजबजलेले असतात. सिंधुदुर्गातल्या स्टुडिओला हे गणित उपयोगी पडतं. नोंदणी विवाहासाठी अर्ध्या दिवसाचं छोटं पॅकेज फार थोडे स्टुडिओ ठेवतात. ते ठेवावं, कारण त्या जोडप्यांना चार माणसांतला साधा, सुबक अल्बम मनापासून हवा असतो.

एका ऑर्डरचा हिशेब

इथले आकडे उदाहरणादाखल आहेत. दर गावागणिक बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.

समजा, हळद आणि लग्न असं दोन दिवसांचं 90,000 रुपयांचं पॅकेज आहे. एक फोटोग्राफर तुम्ही स्वतः. दुसऱ्या फोटोग्राफरला दिवसाला 5,000 प्रमाणे 10,000. व्हिडिओवाल्याला 7,000 प्रमाणे 14,000. व्हिडिओ एडिटिंगचे 12,000. तीस शीटच्या अल्बमची छपाई 250 रुपये शीटप्रमाणे 7,500 आणि कव्हर, पॅड, बॅग मिळून 3,500, म्हणजे 11,000. डिझाइन करणाऱ्याला शीटमागे 120, म्हणजे 3,600. प्रवास, जेवण, मदतनीस मुलगा, हार्ड डिस्क असं धरून 5,400. एकूण 56,000 गेले, 34,000 उरले. बहुतेक जण इथेच थांबतात आणि हा नफा समजतात.

आता वर्षाचा खर्च बघा. कॅमेरे, लेन्स, लाइट, संगणक मिळून 9 लाखांचा सरंजाम चार वर्षं टिकेल असं धरलं, तर वर्षाला 2,25,000 झिजतात. गाळ्याचं भाडं आणि वीज 1,44,000. सॉफ्टवेअर, इंटरनेट, विमा 51,000. जाहिरात आणि दुकानात दाखवायचे नमुना अल्बम 60,000. बेरीज 4,80,000. वर्षाला तीस लग्नं असतील तर प्रत्येक लग्नावर 16,000 चा भार येतो. 34,000 मधून ते वजा केले की 18,000 राहतात. शूटिंगचे दोन दिवस, बोलणीचा अर्धा, निवड आणि रंगदुरुस्तीचे दोन, डिझाइनच्या दुरुस्त्या आणि लॅबच्या खेपांचा दीड, असे तुमचे सहा दिवस या ऑर्डरला लागतात. म्हणजे दिवसाला 3,000 रुपये पडले.

हा 18,000 चा आकडा कायम डोक्यात ठेवून बोलणीला बसावं. मुलीचे काका “जरा दहा कमी करा” म्हणतात, तेव्हा तुम्हाला 90,000 मधले 10,000 गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते 18,000 मधून जातात, अर्ध्याहून जास्त कमाई एका वाक्यात संपते. वर्षाला तीसऐवजी वीसच लग्नं मिळाली, तर स्थिर खर्चाचा भार 24,000 होतो आणि हातात 10,000 उरतात. कमी करायचंच असेल तर रकमेबरोबर कामही कमी करावं: पाच शीट कमी, नाहीतर हळदीला व्हिडिओ नाही. आकडा तसाच खाली आणला, तर पहिला आकडा फुगवलेला होता असा समोरच्याचा समज होतो.

इसार आणि लेखी करार

तारीख पक्की होते ती इसार घेतल्यावर. “तुमचीच ऑर्डर समजा” या शब्दावर दाट तिथी अडवून ठेवू नये. एकूण रकमेच्या तीस टक्के इसार, पन्नास टक्के लग्नाच्या आधल्या दिवसापर्यंत आणि उरलेले वीस टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, छपाईला पाठवण्याच्या आधी, ही वाटणी मला सगळ्यात सुरक्षित वाटते. शेवटचा हप्ता अल्बम देताना घेण्याची रीत जुनी आहे, पण ती स्टुडिओच्या गळ्याशी येते. तोवर घरातला पैसा कार्यालय, केटरर आणि सराफाकडे गेलेला असतो, नवरा-नवरी पुण्याला किंवा परदेशी नोकरीवर परतलेले असतात. छापलेला, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला अल्बम कपाटात पडून राहतो आणि लॅबचं बिल मात्र तुम्ही भरलेलं असतं.

करार दोन पानांचा पुरे, मराठीत असावा आणि त्यात हे असावं: कोणते कार्यक्रम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, किती शीट, किती फोटो, डिझाइनमध्ये किती वेळा दुरुस्ती, जादा शीटचा दर, तारीख बदलल्यास किंवा लग्न मोडल्यास इसाराचं काय.

एक कलम बहुतेकांच्या करारात नसतं, ते म्हणजे फोटोंच्या मालकीचं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, कुणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसताना त्या फोटोंचा पहिला मालक मोबदला देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. “मी काढलेला फोटो माझा” हा समज चुकीचा आहे. स्टुडिओच्या पानावर, फ्लेक्सवर किंवा नमुना अल्बममध्ये फोटो वापरायचे असतील तर तशी परवानगी लेखी घ्या. नवरीची स्वतंत्र सही घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन. पैसे वडिलांनी दिले असले तरी चेहरा तिचा आहे.

लग्नाच्या दिवशी

तंत्राची पुस्तकं पुष्कळ आहेत, विधींची माहिती मात्र फोटोग्राफरने स्वतः गोळा करावी लागते. लग्नाच्या सकाळी गुरुजींना भेटून पाच मिनिटं बोलावं: अंतरपाट कोण धरणार, सप्तपदी कोणत्या बाजूने, लाजाहोमाला नवरीचा भाऊ कुठे उभा राहणार, कानपिळी करणार की नाही. देशस्थ, कोकणस्थ, मराठा, आगरी, लिंगायत अशा घराघरांत क्रम बदलतो. घाणा, देवक, सीमांतपूजन, गौरीहर, झाल यातलं काय केव्हा होणार ते घरातल्या एका जाणत्या बाईला विचारून कागदावर मांडून घ्यावं. रुखवताचे फोटो सकाळी लवकर घ्यावेत. पाहुणे जमले की टेबलाभोवती उभं राहायला जागा मिळत नाही.

मंगलाष्टकांच्या वेळी दोन फोटोग्राफरांच्या जागा आधी ठरलेल्या हव्यात. एक जण अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला, म्हणजे दोघंही एका चौकटीत येतात. दुसरा नवरदेवाच्या खांद्यामागे, नवरीच्या चेहऱ्याकडे. शेवटच्या “सावधान”ला वाजंत्री, अक्षता, अंतरपाट दूर होणं आणि माळा, सगळं काही क्षणांत उरकतं आणि त्याच वेळी पाहुण्यांचे मोबाइल वर येतात. करवल्यांना आणि मामांना आधीच नम्रपणे सांगितलेलं असेल, तर ते स्वतःच माणसं मागे सारतात.

सूनमुखाचा फोटो हमखास बिघडतो. सासू आरशात सुनेचं मुख पाहते, कॅमेरा आरशाच्या चौकटीवर फोकस धरतो आणि प्रतिबिंबातले चेहरे धूसर येतात. तिथे फोकसचा बिंदू हाताने प्रतिबिंबातल्या डोळ्यावर ठेवावा लागतो.

सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी एकसारखी लावावीत. तसं नसेल तर दोन फोटोग्राफरांचे फोटो एकत्र लावताना सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते आणि एक अख्खा दिवस ते निस्तरण्यात जातो. दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवावेत. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ फोटो साधारण 25 ते 30 एमबीचा होतो, तीन हजार फोटोंना 75 ते 90 जीबी लागतात. त्या रात्री झोपण्याआधी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरलेलं असावं आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्या छताखाली असावी.

फोटो निवडणं: ऑर्डर इथे अडकते

रोलच्या काळात एका रोलमध्ये 36 फोटो निघत. दहा रोल म्हणजे मोठं लग्न समजलं जाई आणि निवडीचा प्रश्न जवळपास नव्हताच. आता तीन हजार फोटोंची लिंक पाठवून “दीडशे निवडा” म्हटलं की समोरचं घर गांगरून जातं. नवरीने निवडलेले फोटो सासूबाईंना पटत नाहीत, दीर परगावी असतो, मग दिवाळीला सगळे भेटतील तेव्हा बघू असं ठरतं. दिवाळीत कुणालाच सवड नसते.

तीस शीट म्हणजे साठ पानं. एका शीटवर चार ते पाच फोटो मोकळेपणाने बसतात, म्हणजे एकूण 120 ते 150. घरातून साडेतीनशेची यादी आली की डिझाइनर एकेका शीटवर बारा-बारा फोटो कोंबतो. मग पासपोर्टच्या आकाराच्या त्या फोटोंत आजीचा चेहराही नीट दिसत नाही.

यावर उपाय असा, की पहिली निवड स्टुडिओनेच करावी. लग्नानंतर आठ-दहा दिवसांत तीन हजारांतले चारशे बाजूला काढून, विधीनुसार फोल्डर लावून पाठवावेत. प्रत्येक फोल्डरला किती निवडायचे तो आकडाही लिहावा: हळद 20, गौरीहर 6, मंगलाष्टकं 15, सप्तपदी 8, कुटुंबाचे ग्रुप 30, याप्रमाणे. त्याबरोबर दोन्ही घरांकडून जवळच्या नातेवाइकांची यादी घ्यावी. अल्बम छापून गेल्यावर फोन येतो तो फोटोच्या दर्जावरून क्वचित असतो. “अहो, आमच्या मोठ्या आत्याचा एकही फोटो नाही, आम्ही त्यांना तोंड कसं दाखवायचं?” या वाक्याला कुठलंही उत्तर पुरत नाही. पंचवीस-तीस नावांची यादी आधी हातात असेल, तर आत्या कुठल्या फोटोत आहेत हे स्टुडिओला छपाईच्या आधीच शोधता येतं.

निवडीला तीस दिवसांची मुदत करारातच घालावी. मुदत उलटली तर स्टुडिओ स्वतःच्या निवडीने डिझाइन करील, असंही त्यात असावं. तीस दिवसांत निम्म्याहून अधिक फोटो आले असतील तर उरलेल्यांसाठी थांबू नये, पहिलं डिझाइन पाठवून द्यावं. समोर लावलेलं शीट दिसलं की घरच्यांचे निर्णय भराभर होतात.

अल्बमची मांडणी

महाराष्ट्रात करिझ्मा नावाने ओळखला जाणारा अल्बम बहुधा 12 बाय 36 इंचांच्या शीटवर होतो. बंद केल्यावर तो 12 बाय 18 चा असतो. 300 डीपीआयने ही फाइल 10,800 बाय 3,600 पिक्सेलची होते. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6,000 बाय 4,000 असतो. तो पूर्ण शीटभर पसरवला तर 36 इंचांवर 6,000 पिक्सेल येतात, म्हणजे जेमतेम 167 डीपीआय, आणि शीटच्या प्रमाणात बसवायला फोटोची निम्मी उंची कापावी लागते. शीटभर फोटो टाकायचा असेल तर तो शूटिंगच्या वेळीच तशा आडव्या पट्टीच्या हिशेबाने घेतलेला असावा. मांडवाचं पूर्ण दृश्य, पंगत, वरात असे फोटो त्यासाठी चांगले.

शीटच्या मध्यावरची घडी ही डिझाइनरची खरी परीक्षा असते. अल्बम सपाट उघडणारा असला तरी घडीची रेघ उरतेच आणि ती कुणाच्याही चेहऱ्यावर पडता कामा नये. ग्रुप फोटोत बहुतेक वेळा मधोमध बसलेले असतात आजोबा, नेमकी घडी त्यांच्यावर येते. अशा वेळी फोटो थोडा डावीकडे सरकवून उजव्या कडेला मोकळी जागा ठेवावी. याच घडीचा उपयोगही करून घेता येतो. मंगलाष्टकांचं शीट लावताना डाव्या पानावर मान खाली घातलेली नवरी, उजव्या पानावर मुंडावळ्यांतला नवरदेव आणि बरोबर घडीवर अंतरपाटाचं कापड. रेघ कापडाच्या चुणीत मिसळून जाते. असं एखादं शीट अल्बममध्ये असलं की बघणारा तिथे थांबतो. हे तयार टेम्पलेटमधून निघत नाही, त्यासाठी फोटो समोर ठेवून बसावं लागतं.

परदेशी राजवाडे, गुलाबाच्या पाकळ्या, ढगांतून उतरणारी नवरी असल्या टेम्पलेटच्या सजावटीला माझा ठाम विरोध आहे. दहा वर्षांनी त्या पाकळ्या जुनाट दिसतात, मांडवातला माणूस जुना होत नाही. पांढरी किंवा फिकी पार्श्वभूमी, एका शीटवर एकच विधी, एक फोटो मोठा आणि बाकीचे त्याला सोबत करणारे, एवढं पाळलं तरी अल्बम वाचता येतो. ग्रुपच्या शीटवर सगळे चेहरे सारख्या आकाराचे ठेवावेत. नवऱ्याकडची मंडळी मोठी आणि नवरीकडची लहान दिसली, तर ते दोन्ही घरांच्या लक्षात येतं आणि लक्षात राहतं.

रंगाच्या बाबतीत हळद फार छळते. अंगभर पिवळा रंग, वर मांडवाचं पिवळं कापड आणि स्टेजवर जांभळे एलईडी, यात त्वचेचा रंग हरवतो. रंग आधी चेहऱ्यावरून ठरवावा आणि मग शालूकडे बघावं. अनेकांच्या मॉनिटरचा उजेड इतका वाढवलेला असतो, की स्क्रीनवर लख्ख दिसणारं शीट छापून काळवंडलेलं येतं. मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या. फाइल लॅबने सांगितलेल्या रंगप्रणालीत द्या, बहुतेक ठिकाणी एसआरजीबी चालते.

नावांची छपाई तपासायला घरच्या पत्रिकेची प्रत जवळ ठेवावी. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा मजकुराचा पर्याय चालू नसेल, तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. “ऐश्वर्या”चं नाव तिच्याच अल्बमवर मोडकं छापलं, तर तीस शीटची मेहनत वाया जाते.

छपाई आणि जादा उत्पन्न

ग्लॉसी कागदावर रंग उठून दिसतात, पण बोटांचे ठसे पडतात आणि ट्यूबलाइटखाली चकाकी येते. मॅट शांत दिसतो. मेटॅलिकवर दागिने आणि जर छान येतात. न फाटणारा कागद लहान मुलांच्या घरात उपयोगी. मेमध्ये लॅबमध्ये कामं तुंबतात, म्हणून अल्बमची तारीख देताना लॅबचे दिवस धरूनच द्यावी.

खरी कमाई दुसऱ्या प्रतीत आहे. वरच्या हिशेबात एका अल्बमची छपाई 11,000 ला पडते. डिझाइन आधीच झालेलं असतं, त्यामुळे मुलीच्या आईवडिलांसाठी तीच प्रत 16,000 ला दिली तर जवळपास काहीच श्रम न करता 5,000 सुटतात. लेक सासरी गेलेल्या घरात ही प्रत हवीच असते. ती बोलणीच्या दिवशीच सुचवावी, अल्बम छापून झाल्यावर नव्हे. जादा शीट छपाई आणि डिझाइन मिळून 370 ला पडते. दर 700 ठेवला तर दहा शीटमागे 3,300 उरतात, आणि “अजून पन्नास फोटो घ्या” या आग्रहालाही वाजवी उत्तर मिळतं.

कर, ड्रोन आणि गाणी

सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपलीकडे जीएसटी नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर दर 18 टक्के आहे. आपल्या उदाहरणात तीस लग्नं गुणिले 90,000 म्हणजे 27 लाख, नोंदणी आलीच. 90,000 हा आकडा करासह सांगितला असेल, तर त्यातले सुमारे 13,700 कराचे. कॅमेरा आणि छपाईच्या पक्क्या बिलांवरचा कर वजा मिळतो, तरी 18,000 च्या कमाईला मोठं भगदाड पडतं. दर सांगताना “अधिक जीएसटी” हे तोंडीही सांगावं, लेखीही.

ड्रोन नियम, 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ड्रोनची नोंदणी आणि त्या जागेचा झोन तपासणं हे वेगळंच. पुणे, मुंबई, नाशिकसारख्या ठिकाणी विमानतळ आणि लष्करी हद्दी जवळ असल्याने कार्यालय कुठल्या झोनमध्ये येतं ते आधी नकाशावर पाहा. ड्रोन भाड्याने आणत असाल, तर चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र स्वतः बघून घ्या.

लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. ती समारंभापुरती आहे. तेच सिनेमाचं गाणं लावून बनवलेली फिल्म स्टुडिओच्या चॅनेलवर टाकली, तर ती सूट लागू होत नाही आणि व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. परवान्याचं संगीत मिळतं, त्याचं शुल्क वर्षाच्या खर्चात धरा.

फोटो किती दिवस जपायचे

अल्बम पोहोचला की मूळ फोटो पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर देऊन पोच घ्यावी. स्टुडिओकडची प्रत एक वर्ष ठेवली जाईल असं करारात लिहावं आणि वर्ष संपायच्या आधी महिनाभर घरी कळवावं. डिझाइन झालेल्या शीटच्या फाइल मात्र पुसू नयेत. त्यांना जागा थोडी लागते, आणि पाण्याने भिजलेला किंवा घर बदलताना गहाळ झालेला अल्बम पुन्हा छापून मागायला माणसं पाच-सात वर्षांनीही येतात.